चाळिशीनंतरच्या सवयी आणि हेल्थ कोच: साताऱ्यात राहून नेमकं काय करायचं?

डोंगरवाट

चाळीस ते साठ या वयातल्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. साताऱ्यात आता हेल्थ कोच मिळायला लागलेत. कुणी जिममध्ये बसतं, कुणी व्हिडिओ कॉलवर बोलतं, कुणी पावडरीचे डबे विकता विकता कोच झालेलं असतं. त्यांच्याकडून काय मागायचं आणि काय घ्यायचं नाही, एवढंच इथे बोलू. 'महिन्यात दहा किलो' वाल्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

डॉक्टर निदान करतात, औषध ठरवतात. आहारतज्ज्ञ ताट ठरवतात. कोचचं काम तिथून पुढे: ठरलेलं तुमच्या दिवसात बसवायचं आणि बसलं नाही तर कुठे अडलं ते तुमच्याबरोबर शोधायचं. 'हेल्थ कोच' अशी पाटी लावायला आपल्याकडे कायद्याने परवाना लागत नाही. म्हणून शिक्षण काय, डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग आला तर उत्तर मिळालंच.

पहिली भेट ४५ ते ६० मिनिटांची हवी. जाताना उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ यांचे असतील ते रिपोर्ट न्या. चालू गोळ्यांची यादी वेळेसकट न्या. शिवाय एका कामाच्या दिवसाचा आणि एका रविवारचा चोवीस तासांचा हिशोब, मधल्या चहांसकट. हे काहीही न बघता छापील डाएट चार्ट हातात पडला तर नमस्कार करून उठावं.

पहिल्या १२ आठवड्यांत दोन सवयी, फार तर तीन. त्या लिहायच्या अशा: कशानंतर, कुठे, काय, किती. 'रोज चालणार' असं लिहून काही होत नाही. 'रात्रीची ताटं उचलली की चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं, १० मिनिटं' असं लिहिलं तर होतं, कारण ताटं रोज उचलली जातातच. मग कोचने विचारायचं, हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? उत्तर ७ च्या खाली आलं तर सवय छोटी करायची, माणसाला धीर देत बसायचं नाही.

आकडा ठरवताना बहुतेक जण फसतात ते इथेच. चांगल्या आठवड्यात काय जमेल त्यावरून ठरवतात. ठरवायचं वाईट आठवड्यावरून: आषाढातला पाऊस, घरात पाहुणे, ऑफिसात मार्चएंड. त्या आठवड्यात जे टिकेल ती तुमची किमान पातळी. चांगल्या आठवड्यात वर जायला कुणाची ना नाही.

आणि ते २१ दिवसांचं खूळ सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातला ९६ जणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस निघाला, मध्यक ६६. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडतो, व्यायामाला वेळ लागतो. मधला एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

गोडोलीकर

एवढ्यासाठी पैसे? घरचे रोज फुकट सांगतात की. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चालायला कोच कशाला?

डोंगरवाट

@गोडोलीकर, चालायला नाहीच लागत. तिसऱ्या आठवड्यात चालणं बंद पडतं तेव्हा लागतो.

घरचे सांगतात, कोचने विचारायचं असतं. 'खात्री ४ म्हणालात, मग २ का नाही म्हणालात?' असा उलटा प्रश्न आला की माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची कारणं सांगतो आणि ती त्याला पटतात. 'तुम्ही चाललं पाहिजे' म्हटलं की तोच माणूस गुडघ्याचं, पावसाचं, कुत्र्यांचं कारण काढतो. कोच अर्ध्याहून जास्त वेळ स्वतःच बोलत असेल तर तो भाषण विकतोय.

पुरावाही आहे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत (२००२) वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढंच ध्येय होतं. प्रत्येकाला कोच, पहिल्या २४ आठवड्यांत १६ सत्रं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. आपल्याकडची चेन्नईची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिथे जीवनशैलीच्या गटात घट २८.५ टक्के. म्हणजे ५८ चा आकडा दाखवून कुणी पॅकेज विकत असेल तर हा दुसरा आकडा त्याला दाखवा.

पैशांचं म्हणाल तर वर्षाचे आगाऊ भरू नका. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला २०-३० मिनिटं, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, आणि दर सत्राचे वेगळे. सत्रं विरळ होत जाणं हेच काम नीट चालल्याचं लक्षण. आणि जो कोच स्वतः पावडर विकतो त्याला तुमची आमटी कधीच पुरेशी वाटणार नाही.

पिठलं_भाकरी

आहाराचं मी लिहिते. लांब होईल.

आधी प्रथिनांचा हिशोब, कारण सातारी ताटात मार इथे बसतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम झाले. चाळिशीनंतर ताकदीचा व्यायाम करणार असाल तर किलोमागे १ ग्रॅम धरा, म्हणजे ६५. आता नेहमीचा शाकाहारी दिवस मोजा. पोह्यांतून ४, दिवसभराच्या चहाच्या दुधातून ६, दोन भाकरींतून १२, पातळ आमटीतून ४, दोन पोळ्यांतून ७, भातातून ४, भाजीतून २-३. बेरीज चाळिशीच्या आसपास. पंचवीस ग्रॅम कमी पडतात, आणि ते भरून काढायला डबा लागत नाही:

आमटीत माणशी १५ ग्रॅम डाळ पडते ती ३० करा. म्हणजे वरण घट्ट होतं आणि ३-४ ग्रॅम वाढतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, कोरडा ४० ग्रॅम घेतला तर ८-९ ग्रॅम. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवायचा. अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो, मग लोक कडधान्यालाच नावं ठेवतात. कोरडी मटकी ३० ग्रॅम म्हणजे ७. दीडशे ग्रॅम दही म्हणजे ५. चालत असतील तर दोन अंडी म्हणजे १२. सोयावडी कोरडी २५ ग्रॅम म्हणजे १३, पण ती एकदम रोज सुरू केली तर गॅस होतो, आठवड्यातून दोनदा पुरे. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

भाकरी सोडायची नाही. फक्त एकदा पीठ काट्यावर ठेवा. ६० ग्रॅम पिठाची भाकरी साधारण २०० कॅलरींची. आपल्याकडे हातावर थापलेली मोठी भाकरी ९० ग्रॅमच्या पुढे सहज जाते. 'ज्वारीने साखर वाढत नाही' असं धरून तीन तीन खाणारे आहेत. वाढते, पिठाच्या वजनाप्रमाणे वाढते.

तेल चमच्याने मोजायच्या भानगडीत पडू नका, महिन्याने मोजा. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला २.४ किलो, म्हणजे अडीच लिटरच्या थोडं वर. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. बाहेरचं चिवडा-भजी यात येत नाही, ते वेगळं समजायचं.

चहा: चार कप, कपात दोन चमचे, चमच्यात ५ ग्रॅम. ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. एकदम बंद केली तर आठवड्यात परत येते. दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी करा, जीभ मागोमाग येते. आणि गूळ, मग तो कऱ्हाडचा सेंद्रिय का असेना, साखरेच्याच खात्यात. कंदी पेढ्याचं तर बोलायलाच नको.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. भाजीतलं मीठ कमी करायच्या आधी पापड, लोणचं, खर्डा आणि शेव यातलं जेवणात एकच ठेवा, पुष्कळ फरक पडतो.

आता खरं सांगायचं ते. एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक करायचा बेत कुठल्याच घरात टिकत नाही. पातेलं सगळ्यांचं एकच ठेवायचं, वाढायचं प्रमाण बदलायचं: आधी भाजी आणि उसळ, ताटाचा अर्धा भाग भरेल इतकी, मग भाकरी, भात शेवटी. दुसऱ्या सत्राला घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर हवीच. सासूबाई असोत, सूनबाई असो, मावशी असोत. त्यांना न विचारता ठरवलेल्या 'रोज दोन भाज्या' म्हणजे त्यांच्या डोक्यावर अर्ध्या तासाचं निवडणं-चिरणं. ते कोण करणार हे ठरल्याशिवाय सत्र संपवू नये. घरातल्या पुरुषाने रात्री टीव्हीसमोर बसून उद्याची भाजी निवडून ठेवणं ही माझ्या मते पहिल्या तीन सवयींत बसणारी सवय आहे.

संगममाहुली

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला.

उपवासाचं काय करायचं? आमच्याकडच्या बायका सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून आठवड्याला दोन दिवस साबुदाण्यावर असतात.

पिठलं_भाकरी

@संगममाहुली, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, वर तूप आणि कूट. उपवास मोडायची गरज नाही, ताट बदला: भगर मुठीएवढी, दाण्याची आमटी, वाटीभर दही, काकडी. नाहीतर राजगिऱ्याची भाकरी आणि दही. रताळं खायचं तर भगर कमी.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी अजून एक. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते. त्या आसपासच्या वर्षांत काटा तोच राहून कमर वाढू शकते. म्हणून महिन्यातून एकदा टेप: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्या लोकांसाठी मर्यादा बायकांना ८० सेमी, पुरुषांना ९०. पाळी थांबल्यावर कॅल्शियमची गरज दिवसाला १२०० मिग्रॅ धरतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास. नाचणीचं आंबील साखर न घालता.

कृष्णाकाठ

फिजिओच्या बाजूने लिहितो. नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं दोन्ही आहे. चाळिशीनंतर स्नायू घटतात, आणि जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. चारचौघांना दिसतं चालणं, म्हणून सगळे तेवढंच करतात.

घरच्या घरी पाच हालचाली पुरतात. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं (खुर्ची साधारण ४५ सेमी उंच, भिंतीला टेकवलेली). भिंतीवर किंवा ओट्यावर हात टेकून पुशअप. पायरीवर चढ-उतार. टाचा उचलणं. आणि काहीतरी ओढणं: रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, किंवा पिशवीत ३-४ किलो तांदूळ घालून वाकून कमरेपर्यंत खेचणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर थांबून. वीस-पंचवीस मिनिटं होतात. दोन दिवसांत किमान एक दिवसाचं अंतर. सलग दोन वेळा १२ सहज झाले की खुर्ची थोडी बुटकी घ्या किंवा वजन अर्धा-एक किलो वाढवा. दोन्ही एकदम वाढवू नका.

चुका ठरलेल्या असतात. उठताना गुडघे आत वळतात, तेव्हा पायांत खांद्याएवढं अंतर ठेवा. जोर लावताना श्वास रोखला जातो आणि बीपी उसळतं. उठताना मोठ्याने आकडा म्हणा, श्वास आपोआप सुटतो. दुखलं तर नियम असा: करताना सांधा १० पैकी ३ पेक्षा जास्त दुखतोय, किंवा दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखतोय, तर संख्या निम्मी करा. एकदम बंद करणारे परत सुरू करत नाहीत. सांधा सुजला किंवा लॉक झाला तर मात्र दाखवा.

घाटाबद्दल. यवतेश्वर घाटातल्या हाफ मॅरेथॉनमुळे शहरात पळायची हवा आहे, चांगलंच आहे. पण चाळिशीत पहिल्यांदा बूट घालणारा थेट घाटात उतरतो आणि महिन्याभरात नडगी नाहीतर गुडघा धरून येतो. चढण हृदयाला कठीण, उतार गुडघ्याला. पहिले सहा आठवडे सपाटीवर चाला. मग टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंतचा चढ. त्यानंतर अजिंक्यतारा किल्ल्याचा रस्ता, आणि गुडघा कुरकुरत असेल तर वर चालत जाऊन खाली कुणाच्या तरी गाडीवर या. त्यात लाज नाही. वेग किती? वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका.

संगममाहुली

आणि सूर्यनमस्कार? आपल्या जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते संस्थानातल्या शाळाशाळांत नेले. बारा नमस्कार घातले तर ही पाच हालचालींची यादी लागते का?

कृष्णाकाठ

नमस्कार उत्तम, पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन वाढवत नेता येत नाही. नमस्कार घाला, पट्टा आणि खुर्ची आठवड्यातून दोनदा तरी ठेवा. मनगट दुखत असेल तर हात जमिनीऐवजी पलंगाच्या कडेला टेका. बीपी ताब्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा वाकून उठल्यावर गरगरत असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती डॉक्टरांना विचारून. संख्या बारावरून सुरू करू नका, चारावरून.

औषधपेटी

या धाग्यात एक गोष्ट सुटतेय, ती आधी वाचा. गोळ्या चालू असताना खाणं आणि हालचाल बदलली की गोळीचा परिणाम बदलतो. कोचने गोळी कमी-जास्त करायची नाही, पण बदल सुरू करण्याआधी 'डॉक्टरांना सांगितलंत का' हे विचारायलाच हवं.

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि रात्रीचं जेवण निम्मं केलं, तर साखर पडू शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड. ७० च्या खाली गेली तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. उपवास करणाऱ्यांनी तर आधीच विचारून ठेवावं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात-भाकरी पूर्ण बंद करायचा किटोचा प्रकार किंवा लांबलचक उपवास स्वतःच्या मनाने करू नये. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्लं साचून किटोअॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं आली तर घरी थांबू नका.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या बीपीच्या गोळ्या चालू असतील तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर व्यायाम ठरवू नका, नाडी गोळीनेच खाली ठेवलेली असते. वर सांगितलेली बोलण्याची चाचणी वापरा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं आणि शाकाहार, अशी जोडी असेल तर बी१२ तपासा. पायाला मुंग्या 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका.

घरी बीपी बघताना: आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, हात छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टर.

चढताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी आली की तिथेच थांबा, 'थोडं राहिलंय' म्हणून पुढे जाऊ नका. आणि मिश्री-तंबाखू ही सवय कोचच्या यादीत सगळ्यात वर हवी, लोक ती लपवतात. सोडायला सरकारी मोफत क्रमांक १८००-११२-३५६.

गोडोलीकर

बरं, मान्य. पण गणपती ते दिवाळी काय करायचं? तिथेच सगळं बुडतं.

डोंगरवाट

बुडणार हे आधीच माहीत आहे ना, मग त्याचं वेगळं पान करा. ऑगस्टमध्येच कोचबरोबर बसून लिहा: या काळात वजन कमी करायचं नाही, आहे ते राखायचं. दोनच गोष्टी चालू ठेवायच्या, रात्रीची १० मिनिटं आणि आठवड्यातला एक तरी खुर्ची-पट्ट्याचा दिवस. मोदक खायचे, जेवणात भाताऐवजी खायचे, चार वाजता चहाबरोबर वेगळे नाही. सलग दोन दिवस काहीच झालं नाही तर तिसऱ्या दिवशी सगळं भरून काढू नका, किमान पातळी तेवढी करा. यात्रा आणि लग्नसराईचंही असंच पान. तिथे फक्त क्रम सांभाळा, आधी रस्सा-मटण-कांदा, भाकरी नंतर, आणि उशिराची पंगत असेल तर सहाला दही-दाणे खाऊन जा.

काट्याचं: रोज बघणार असाल तर आठवड्याची सरासरी लिहा. मीठ-पाण्याने एक-दोन किलो वरखाली होतंच. सोमवारचा आकडा बघून उपाशी राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी बघावं.

रातपाळी

एमआयडीसीत दर आठवड्याला पाळी बदलते. सकाळी सहाचं कुठलंच वेळापत्रक लागू होत नाही. आमच्यासाठी काय?

डोंगरवाट

घड्याळ सोडा, पाळीच्या घटनांना सवय बांधा. 'झोपून उठलो की', 'गेटपास दाखवला की', 'डबा उघडला की'. उठल्यानंतरच्या पहिल्या खाण्याआधी खुर्ची-पट्टा, कुठल्याही पाळीत.

रात्रपाळीत मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी. मध्यरात्री हलकं: उसळ आणि एक भाकरी, किंवा दोन अंडी. कॅन्टीनचा वडा आणि गोड चहा पहाटे चारला घेतला की साखर वर जाते आणि घरी येऊन झोपही लागत नाही. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दोनच्या आत. सुट्टी झाल्यावर उन्हात गॉगल, घरी जाड पडदा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सलग झोप पाच तासच मिळत असेल तर संध्याकाळी निघण्यापूर्वी अजून दीड तास.

कोचला तुमचं पाळीचं वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीला पाठवा. पाळी बदलते त्या आठवड्यात नवी सवय सुरू करू नका, आणि सत्र पाळी सुरू होऊन दोन दिवस झाल्यावर ठेवा, पहिल्या दिवशी नाही.

रातपाळी

दोनच्या आत चहा जमेल. गॉगल घालून बसमध्ये बसलो तर लोक हसतील, पण बघतो. खात्री ६ धरा.

कृष्णाकाठ

६ म्हणजे सातच्या खाली. मग गॉगलऐवजी टोपी खाली ओढा आणि खिडकीची जागा सोडा. आता किती?

रातपाळी

८.